सगळ्यांत हळू पावलांचा हिशेब

अलास्काच्या क्रूझला निघणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांचा बेत एकसारखा असतो. उन्हाळ्यात सासू-सासरे किंवा आई-वडील भारतातून आलेले असतात, मुलांना सुट्टी असते, आणि तिन्ही पिढ्यांना झेपेल अशी सहल म्हणून जहाज ठरतं. विमान उशिरा पोचलं तर जहाज कुणासाठी थांबत नाही, म्हणून काही दिवस आधी सिएटलला पोचायचं आणि तेवढ्यात शहर बघून घ्यायचं. आम्हीही तसंच केलं. नवरा, मी, दोन मुलं आणि सासू-सासरे, म्हणजे आमचे आई-बाबा. आम्ही डॅलसजवळच्या एका उपनगरात राहतो. तिथं दूध आणायलाही गाडी काढावी लागते. तरीही सिएटलमध्ये भाड्याची गाडी घ्यायची नाही, हे मी ठरवलं.

हा निर्णय योग्यच होता. शहराच्या मध्यभागी हॉटेलात गाडी उभी करायचे रोजचे वेगळे पैसे पडतात, आणि जहाजावर चढण्याआधी ती परत करायला एक सकाळ मोडते. शिवाय सिएटलची सार्वजनिक वाहतूक चांगली आहे. विमानतळापासून गावाच्या मध्यापर्यंत लाइट रेल जाते, सुमारे चाळीस मिनिटांत. मोठ्या माणसाला तीन डॉलर, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. फेरी आहे, बस आहे, 1962 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली मोनोरेल आजही धावते. हे सगळं मी वाचलं होतं आणि ते खरं निघालं.

चुकलं ते माझं नियोजन. गाडीत बसलं की घरातल्या सगळ्यांचा वेग एक होतो. पंच्याहत्तरीचे बाबा आणि सहा वर्षांचा धाकटा एकाच वेळी निघतात, एकाच वेळी पोचतात. गाडीतून उतरलं की प्रत्येकाचा वेग निराळा होतो. मी मात्र सगळा आराखडा माझ्या वेगाने, माझ्या गुडघ्यांनी आणि माझ्या कागदपत्रांनी आखला होता.

कागदपत्रांपासूनच सांगते, कारण तिथं चूक झाली तर सहलच होत नाही. सिएटलहून निघून सिएटललाच परत यायचं, म्हणजे अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवास, असं मी धरून चालले होते. ते तसं नाही. अमेरिकेत 1886 सालचा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीचं जहाज अमेरिकेच्या बंदरात प्रवासी घेऊन, मध्ये एकाही परदेशी बंदराला न लागता, त्यांना पुन्हा अमेरिकेत उतरवू शकत नाही. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेली असतात. म्हणून अलास्काहून परतताना ती बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. तो थांबा मी वेळापत्रकात पाहिलाही होता. पण आमच्या दोघांकडे ग्रीन कार्ड, मुलांकडे अमेरिकेचा पासपोर्ट, त्यामुळे आम्हा चौघांना कॅनडाच्या व्हिसाचा प्रश्नच येत नव्हता. आई-बाबांना भारतीय पासपोर्टवर तो लागणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. व्हिसा नसेल तर माणसाला सिएटलच्या धक्क्यावरूनच परत पाठवतात, व्हिक्टोरियात उतरायचं असो वा नसो.

एका मैत्रिणीने सहज विचारलं, "त्यांच्या कॅनडा व्हिसाचं काय केलंस?" तेव्हा पैसे भरून झाले होते. आई-बाबा अजून भारतात होते. त्यांना या वयात पुन्हा अर्ज, बोटांचे ठसे, पासपोर्ट जमा करणं, आणि तो परत येईपर्यंत अमेरिकेचं विमान चुकणार तर नाही ना ही धाकधूक. व्हिसा वेळेत आला. पण त्या काळात बाबा फोनवर रोज विचारायचे, "आमच्यामुळे तुमचं अडत असेल तर तुम्ही जा, आम्ही घरी राहू." त्यांच्यासाठीच आखलेल्या सहलीत त्यांच्यावर हे म्हणायची वेळ मी आणली. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट समोर ठेवून, एकेक देशाच्या नियमाशी ताडून पाहायला एक संध्याकाळ पुरली असती. अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, तेही त्याच वेळी पाहायचं. आई-बाबांचा होता.

दुसरी चूक सामानाची. अलास्कासाठी लोकरीचे कपडे, रेनकोट, जाड बूट, जहाजावरच्या एखाद्या संध्याकाळचे बरे कपडे, आईंचा खाऊचा डबा, औषधं, असं करत प्रत्येकामागे मोठी बॅग झाली. मी सामान भरलं ते गाडीच्या डिकीच्या हिशेबाने. डिकीत ठेवलेली बॅग दोनदाच उचलावी लागते. रेल्वेने जाताना ती दर वळणावर, दर लिफ्टपाशी, दर फलाटावर ओढावी लागते. आई-बाबांसाठी विमानतळावर व्हीलचेअर सांगितली होती. ती घेऊन आलेल्या माणसाने अगत्याने सामानाच्या पट्ट्यापर्यंत आणलं, आणि मी तिथंच त्यांचे आभार मानून निरोप घेतला. स्टेशनापर्यंत सोडाल का, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. सिएटल विमानतळावर लाइट रेलचं स्टेशन पार्किंगच्या इमारतीपलीकडे आहे, तिथवर लांबलचक पायवाट आहे. चालायला त्रास होणाऱ्यांसाठी त्या वाटेवर छोट्या विद्युत गाड्या फिरतात, हेही मला नंतर कळलं. बाबा एका हातात बॅग ओढत, दुसऱ्या हाताने कठड्याचा आधार घेत चालत राहिले. "बाबा, बॅग राहू द्या, मी नेते," म्हटलं तर म्हणाले, "अगं, तुझ्या हातात दोन आहेत की."

आता मी शहरासाठी एक लहान बॅग वेगळी भरते आणि मोठ्या बॅगा एकाच वेळी हलतील असं पाहते. सामान फार असेल तर येताना सरळ मोठी व्हॅन घ्यावी आणि मग शहरात रेल्वे-बस वापरावी. गाडी न घेणं म्हणजे प्रत्येक टप्पा रेल्वेनेच करायचा, असा हट्ट धरायचं कारण नव्हतं. तो मी धरला, कारण वाचवलेले पैसे मला डोळ्यांसमोर दिसत होते आणि बाबांचा थकवा दिसत नव्हता.

तिसरी चूक सर्वांत मोठी, आणि ती चढाची. सिएटलचा मध्यभाग समुद्राकडून वर चढत जातो. किनाऱ्याला समांतर जाणारे फर्स्ट, सेकंड, थर्ड हे अव्हेन्यू त्या मानाने सपाट आहेत, पण त्यांना छेदणारे रस्ते समुद्रापासून वर चढतात, आणि काही ठिकाणी तो चढ तरुण माणसालाही थांबायला लावतो. नकाशावर हा चढ दिसत नाही. आमचं हॉटेल सिक्स्थ अव्हेन्यूजवळ होतं. किनाऱ्यापासून काही चौक, दहा-बारा मिनिटांचं अंतर, असं पाहून मी ते घेतलं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही बेनब्रिज बेटावर फेरीने जाऊन आलो. ती सहल फार छान झाली. मोटार न घेता चढणाऱ्यांना फक्त जातानाचं तिकीट पडतं, येताना पडत नाही. पस्तीस मिनिटांचा प्रवास, बसायला ऐसपैस जागा, स्वच्छतागृह, गरम चहा. हवा स्वच्छ होती. साडेचौदा हजार फुटांच्या आसपास उंचीचा, बर्फाने झाकलेला माउंट रेनिअर दिसत होता आणि आई डेकवरून आत यायला तयार नव्हत्या. परत आल्यावर फेरीच्या धक्क्यावरून मॅरिअन स्ट्रीटचा पादचारी पूल फर्स्ट अव्हेन्यूपर्यंत सपाट नेतो. तिथवर सगळं ठीक होतं. तिथून हॉटेलपर्यंत मी चालत नेलं.

दुसऱ्याच चौकात बाबांनी तिरकं चालायला सुरुवात केली. एक पाऊल आडवं टाकायचं, थांबायचं, मग दुसरं. आईंचा चेहरा लाल झाला होता. एका ऑफिसच्या इमारतीसमोर झाडांच्या कुंडीचा सिमेंटचा काठ होता, त्यावर त्या टेकल्या. म्हणाल्या, "तुम्ही पुढं व्हा, आम्ही येतो हळूहळू." मुलं वरच्या चौकात जाऊन हाका मारत होती. धाकट्याला तहान लागली होती आणि पाण्याची बाटली रिकामी होती. घरी ती गाडीतच असते, भरलेली, म्हणून ती भरायचं माझ्या कामांच्या यादीतच नव्हतं. आम्ही तिथं बसलो असताना शेजारच्या रस्त्याने चढाची बस वर जाताना दिसली. फर्स्ट अव्हेन्यूवरून टेकडीवर जाणारी ही बसची "जी" लाइन 2024 च्या सप्टेंबरपासून सुरू आहे आणि दिवसा दर काही मिनिटांनी असते. मला तिची माहितीच नव्हती, कारण चालत जाता येईल अशा अंतरासाठी बस शोधावी असं मला वाटलं नव्हतं.

त्या रात्री आईंचे गुडघे सुजले. दुसऱ्या दिवशीचा अर्धा बेत रद्द झाला. मुलं हिरमुसली, त्यावर नवरा आणि मी एकमेकांवर चिडलो, आणि ते आई-बाबांनी ऐकलं. मला याचं आजही वाईट वाटतं. गुडघ्यांची सूज दोन दिवसांत उतरली, पण आपल्यामुळे घरात कटकट झाली हे त्यांच्या मनातून इतक्या लवकर गेलं नसणार.

हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी मग मला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. फोर्थ आणि फिफ्थ अव्हेन्यूच्या मधे सिएटलचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 2004 साली उघडलेली रेम कूलहास यांच्या संस्थेची प्रसिद्ध काचेची इमारत. फोर्थच्या दाराने आत शिरायचं, लिफ्टने वर जायचं आणि फिफ्थच्या दाराने बाहेर पडायचं. एक अख्खा चढ वाचतो, शिवाय आत बसायला जागा आणि स्वच्छतागृह मिळतं. भुयारी स्टेशनांच्या लिफ्टही अशाच वापरता येतात. पाइक प्लेस मार्केटपासून किनाऱ्यावर उतरायलाही लिफ्ट आहेत. इथले म्हातारे लोक असेच फिरतात, असं त्या म्हणाल्या. हीच माहिती हॉटेल घेण्याआधी एका फोनवर मिळाली असती. आता मी हॉटेलला फोन करून अंतर विचारत नाही. "सत्तरीपुढचं माणूस तुमच्या दारातून निघून स्टेशनापर्यंत कसं जाईल?" असं विचारते. उत्तर देणाऱ्याला लगेच चढ, पायऱ्या, बंद पडणारी लिफ्ट, सगळं आठवतं.

गाडीची जी कामं आपण कधी मोजत नाही, ती मला या दिवसांत एकेक करून कळली. गाडी नेते-आणते, हे तर खरंच. पण ती बसायची जागा असते, पाऊस आला तर आडोसा असते, स्वेटर आणि औषधं ठेवायचं कपाट असते, आणि दमलेलं मूल झोपवायची खोलीही असते. गाडी घ्यायची नसेल तर ही सगळी कामं दुसऱ्या कुणावर तरी सोपवावी लागतात. बसायची जागा ग्रंथालयात, फेरीवर किंवा बागेत शोधून ठेवायची. औषधं, पाणी, एक जादा स्वेटर मोठ्या माणसाच्या पाठीवर. झोपायला दुपारी हॉटेलवर परत. मी दिवसभराचा कार्यक्रम सलग आखला होता, मधे परतायची सोय ठेवलीच नव्हती.

जेवणाचंही तेच झालं. डॅलसला आम्ही पंधरा मिनिटांत भारतीय वाणसामानाच्या दुकानात जातो. सिएटलमध्ये मी स्वयंपाकघर नसलेली खोली घेतली, थोडी स्वस्त पडली म्हणून. आईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट आणलं होतं, त्यावर दोन दिवस निघाले. पण मेतकुटाबरोबर खायचा गरम मऊ भात तिथं कुठून आणणार? बाबांना संध्याकाळी सातला जेवून गोळ्या घ्यायच्या असतात, आणि त्या वेळी आम्ही कुठल्या तरी रांगेत उभे असायचो. एखादी शेगडी आणि मायक्रोवेव्ह असलेली खोली घेतली असती तर रात्री वरण-भात झाला असता आणि सगळे वेळेवर झोपले असते. दिवसाचा बेतही उलटा होता. आई-बाबा पहाटे चारलाच जागे व्हायचे, आणि मी मोठी ठिकाणं संध्याकाळी ठेवली होती, कारण जूनमध्ये तिथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो. त्यांची ताकद सकाळची होती. एका सकाळी बाबांना घेऊन लवकर पाइक प्लेस मार्केटला गेले. 1907 पासूनचा तो बाजार गर्दीच्या आधी उघडत होता, फुलवाल्या बायका बादल्यांत पिओनीच्या जुड्या लावत होत्या, आणि बाबा प्रत्येक दुकानाशी थांबून भाव विचारत होते. त्या तासात ते एकदाही दमले नाहीत.

शेवटची चूक धक्क्याची. तिकिटावर "सिएटल" लिहिलं होतं आणि मी क्रूझचा धक्का म्हणजे मार्केटजवळचा 66 क्रमांकाचा, असं समजून बसले. सिएटलला क्रूझचे दोन धक्के आहेत. दुसरा 91 क्रमांकाचा, वायव्येला स्मिथ कोव्हमध्ये, मध्यभागापासून पाचेक किलोमीटरवर, आणि लाइट रेल तिथं जात नाही. आमचं जहाज तिथून सुटत होतं. हे मला आदल्या रात्री, बॅगांना लावायच्या पट्ट्या छापताना कळलं. शनिवार होता, एकाहून जास्त जहाजं निघणार होती, आणि सहा माणसं नि एवढ्या बॅगा मावतील अशी व्हॅन मिळायला वेळ लागला. व्हॅन आली तर चालकाने धाकट्याकडे पाहून विचारलं, "बूस्टर सीट कुठे आहे?" ती मी डॅलसला आमच्या गाडीतच ठेवून आले होते. गाडी घ्यायची नाही, मग सीट कशाला, असा विचार केला होता. चालकाने नेण्याचं नाकारलं, आणि ते बरोबरच होतं. मुलाच्या जिवाचा प्रश्न होता. नवरा जवळच्या दुकानात जाऊन बूस्टर घेऊन आला, दुसरी व्हॅन शोधली, आणि आम्ही चढण्याची वेळ संपत येताना धक्क्यावर पोचलो. आई-बाबा तो सगळा वेळ हॉटेलच्या दाराशी बॅगांवर बसून होते.

या चुकांमध्ये मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. बाबांचं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. सिएटलच्या बॅलर्ड भागात 1917 पासूनची जलद्वारं आहेत. पलीकडे समुद्राचं खारं पाणी, अलीकडे गोड्या पाण्याची तळी, आणि दोन्हींच्या पातळीत फरक. बोट कोठडीत घेतात, दारं मिटतात, पाणी चढतं किंवा उतरतं, आणि बोट पुढे जाते. पंप लागत नाही, पाणी आपल्या वजनानेच वाहतं. शेजारी सामन माशांसाठी एकवीस टप्प्यांचा जिना आहे आणि काचेतून मासे वर चढताना दिसतात. हे ठिकाण माझ्या यादीत अगदी शेवटी, एका तासापुरतं होतं. ज्या दिवशी जायचं होतं, तो दिवस गुडघ्यांपायी बुडाला. बाबांनी तक्रार केली नाही. जहाजावर एका दुपारी त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं, दारं पाण्याच्या दाबानेच एकमेकांवर घट्ट कशी बसतात आणि म्हणून ती सरळ न मिटता प्रवाहाकडे टोक करून का मिटतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की निघण्यापूर्वी मी त्यांना "तुम्हाला काय बघायचंय?" असं विचारलंच नव्हतं. यादी दाखवून "चालेल ना?" एवढंच विचारलं होतं. आपल्या घरातली वडीलमाणसं त्यावर नाही म्हणत नाहीत.

परतीचा दिवस मी नव्याने आखला, या वेळी आई-बाबांना मधे बसवून. सिएटल बंदराची एक मोफत सोय आहे. जहाजावर असतानाच नाव नोंदवलं तर बॅगा धक्क्यावरून परस्पर विमानतळावर जातात. आमचं विमान संध्याकाळी होतं. धक्क्यावर उतरलो तेव्हा हातात फक्त औषधांची पिशवी आणि बूस्टर सीट होती. व्हॅन आदल्या दिवशी सांगून ठेवली होती. ती थेट जलद्वारांपाशी घेऊन गेली. तिथं बाक आहेत, बाग आहे, सावली आहे. आई बाकावर बसल्या, मुलं माशांच्या काचेपाशी, आणि बाबा कठड्याला टेकून एकामागून एक बोटी चढता-उतरताना बघत राहिले. पुढे कुठंच जायचं नव्हतं. त्यांचं पोटभर बघून होईपर्यंत आम्ही थांबलो, मग दुपारी विमानतळावर गेलो.

गाडी न घेता मी पुन्हा जाईन. पुढच्या खेपेला माझे आई-वडील येणार आहेत आणि व्हँकूव्हरचा विचार आहे. तिथं विमानतळावरून निघणारी रेल्वे जहाजाच्या धक्क्याजवळच नेऊन सोडते. तरीही नकाशा उघडण्याआधी मी त्यांना फोन करणार आहे. किती चालवतं, किती वाजता जेवायचं असतं, कुठल्या पायरीला धरायला कठडा लागतो, आणि काय बघावंसं वाटतं, हे आधी लिहून घेणार. हॉटेल त्यानंतर बघेन.